बँडकॅम्पवर नऊ महिने: डॉल्बीच्या गावात राहून बेस शोधताना

विसर्जनाची मिरवणूक बघून आले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कानात शिट्टी वाजत असते. गेल्या वर्षी त्या शिट्टीपायीच मी बँडकॅम्पवर, म्हणजे गाणी विकत घ्यायच्या साइटवर, खातं उघडलं. झालं असं, की कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ एका मंडळाची डॉल्बी गर्दीत अडकली होती. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडे मोठ्या साउंड सिस्टीमला डॉल्बीच म्हणतात. त्या नावाच्या कंपनीशी तिचा काडीचा संबंध नसतो.) ऑपरेटरनं गाणं थांबवून मधेच कसला तरी तुकडा लावला, वीसेक सेकंदांचा. शब्द नाहीत, चाल नाही. खाली नुसता बेस, म्हणजे घुमणारा खालचा आवाज, आणि वर लांबून कुणीतरी पत्र्यावर टिचकी मारावी तसा आवाज. मग पुन्हा नेहमीचं रिमिक्स सुरू झालं आणि पोरं नाचायला लागली. मला तो तुकडा हवा होता, आणि त्या गर्दीत शिरून ऑपरेटरला गाठणं काही जमलं नाही.

घरी येऊन फोनवरच्या स्ट्रीमिंग अॅपमध्ये शोधलं. कोल्हापुरात बसून 'बेस' शोधला की अॅप काय देतं? 'बेस बूस्टेड हलगी मिक्स'. माझं हलगीशी वैर नाही, पण ती ऐकायला मी खासबागेच्या कुस्ती मैदानात जाईन. चार दिवस शब्द बदलून पाहिले. 'डबस्टेप' या बेसवाल्या नाचाच्या संगीतापाशी पोचले, तर पंधरा वर्षांपूर्वीची तीच ती किंचाळणारी गाणी पुढं आली. ती दोनदा ऐकली म्हणून तसलीच आणखी चाळीस आली. वाण्याकडं एकदा हरभऱ्याची डाळ घेतली की त्यानं जन्मभर हरभऱ्याची डाळच पुढं करावी, तसला प्रकार. मग बँडकॅम्पकडं वळले.

मी उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवतात तिथं, कॅडवर (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं) काम करते. पलीकडं दिवसभर राउटर (कोरायचं मशीन) चालतो, त्यामुळं आठ तास कानात हेडफोन असतात. म्हणजे हा अनुभव रविवारच्या हौशीचा नाही, रोजच्या वापराचा आहे. नऊ महिन्यांत ३१ रेकॉर्ड (म्हणजे फाइलरूपातले अल्बम) विकत घेतल्या, साधारण ९,३०० रुपये गेले. सहा-सात फसल्या. बाकीच्या अजून वाजतात.

बँडकॅम्प म्हणजे २००८ पासून चालू असलेला संगीताचा बाजार. कलाकार किंवा छोटं लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) स्वतःचं दुकान मांडतं, आपण आधी ऐकतो, मग पटलं तर फाइल विकत घेतो. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के कापून घेतं आणि विक्री ५,००० डॉलरच्या वर गेली की १० टक्के. पैसे नेण्याआणण्याचा खर्च वेगळा. उरलेलं कलाकाराचं. हे सगळीकडं लिहिलेलं असतं, मी त्यावर फार बोलत नाही. माझ्या कामाची गोष्ट वेगळीच निघाली.

प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची टिकलीएवढी चित्रं असतात. पहिला महिनाभर मला ती नुसती शोभेची वाटली. मग एकदा चुकून बोट पडलं आणि त्या माणसाचं अख्खं कपाट उघडलं: त्यानं आजवर काय काय घेतलं, काय घ्यायच्या यादीत ठेवलंय, कुठल्या रेकॉर्डमधला कुठला ट्रॅक त्याला सगळ्यात आवडला. काहींनी खाली दोन ओळी खरडलेल्याही असतात. तिथून माझं शोधणंच बदललं. आता मी कलाकार शोधत नाही, कान शोधते. ज्या माणसाच्या कपाटात माझ्या आवडीच्या तीन अगदी अनोळखी रेकॉर्ड सापडतील, त्याची चौथी मी डोळे झाकून ऐकते. प्रसिद्ध तीन जुळून काही उपयोग नाही. लंडनच्या प्रसिद्ध बरिअलची रेकॉर्ड सगळ्यांकडंच असते, त्यावरून माणसाची पारख होत नाही. आणि दोन हजार रेकॉर्डवाल्यापेक्षा ऐंशी-नव्वद रेकॉर्डवाला बरा. त्यानं विचार करून पैसे टाकलेले असतात.

एक माग सांगते. सुरुवात इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या लिव्हिटी साउंडपासून झाली. पेव्हरेलिस्ट या डीजेनं २०११ मध्ये सुरू केलेलं हे लेबल, ढोलकं मोकळं आणि बेस खोल. तिथल्या एका गिऱ्हाइकाच्या कपाटात पोर्तुगालमधल्या लिस्बनचं प्रिन्सिपे लेबल दिसलं. लिस्बनच्या कडेच्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या, अंगोला-केप व्हर्देकडच्या घरांतल्या पोरांचं नाचाचं संगीत, डीजे मारफॉक्स वगैरे. त्यातून दुसऱ्या एकाच्या कपाटात युगांडातल्या कंपालाचं न्येगे न्येगे टेप्स हे लेबल, आणि तिथं टांझानियाची सिंगेली, तिकडचं नाचाचं संगीत. सिंगेलीचा वेग मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या वर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ड्रॉइंग बाजूला ठेवून हसत बसले, कारण हे मी ओळखत होते. कुस्ती रंगात आल्यावर हलगी आणि घुमकं जसं पिसाळतं, तीच घाई. फरक एवढाच की तिकडं ती लॅपटॉपवर केलेली.

पुढं अजून गंमत. त्याच माणसाच्या यादीत अहमदाबाद! तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग कंपनीचा सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) बसवून दिला होता आणि पुढची तीन वर्षं गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी त्यावर प्रयोग केले. त्या टेपा तिथंच पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकारानं त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. ही ना बेसची, ना नाचायची, पण ती ऐकल्यावर 'हे सगळं तिकडून आलंय' हे माझ्या तोंडचं वाक्य बंद झालं. ब्रिस्टलहून निघून अहमदाबादला पोचायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि वाटेत एकदाही कुठल्या यंत्रानं 'तुम्हाला हेही आवडेल' म्हटलं नाही.

आपल्याकडचे आजचे लोक शोधायचे तर गावाच्या नावाचा टॅग घालून बघा. बंगलोर आणि बेंगळुरू दोन्ही स्पेलिंग टाका, कारण टॅग कलाकार स्वतः लिहितात आणि त्याला शिस्त अशी नाही. मला अशा शोधात आवडलेले: बंगलोरचा ओशनटाइड, ज्याच्यात शिकागोच्या फुटवर्क या नाचाच्या संगीताची, मिनिटाला १६० ठोक्यांची तडफड आहे, आणि मुंबईची सँडयून्स, म्हणजे सनाया अर्देशीर. तिचं काम मऊ आहे, बेसच्या शोधात आलेल्यांना आधी पचणार नाही. दुसऱ्यांदा ऐका.

जोडीला इंटरनेट रेडिओ लागतोच. मी लंडनचा एनटीएस ऐकते, २०११ पासून चालू आहे. दोन चॅनल, वर जुन्या कार्यक्रमांचा साठा, आणि बऱ्याच कार्यक्रमांखाली कुठलं गाणं कुणाचं याची यादी. लंडनचे रात्री उशिराचे कार्यक्रम आपल्याकडं पहाटे येतात, त्यामुळं थेट ऐकायचा नाद मी सोडला. साठ्यातला एक कार्यक्रम सकाळी लावायचा, आवडलेलं नाव चिठ्ठीवर टिपायचं आणि जेवणाच्या सुट्टीत बँडकॅम्पवर त्याचं दुकान उघडायचं. चिठ्ठ्या ड्रॉइंगच्या रद्दी प्रिंटच्या. साहेबांना अजून वाटतं मी मापं लिहिते.

हेडफोनबद्दल थोडं. आधी माझ्याकडं 'एक्स्ट्रा बेस'वाले ब्लूटूथचे होते. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांच्यात प्रत्येक गाण्याचा बेस सारखाच यायचा, जसा प्रत्येक भाजीत एकच कांदा-लसूण मसाला. आता साधे तारेचे आहेत. एकदा तार खुर्चीच्या चाकाखाली जाऊन तुटली, ती माझी चूक. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकून मत देऊ नका. या ट्रॅकमधला खालचा स्वर चाळीस-पन्नास हर्ट्झला असतो आणि फोनच्या स्पीकरला तो निघतच नाही. उरते ती पत्र्यावरची टिचकी.

खरी परीक्षा मात्र मामाच्या गोडाऊनमध्ये झाली. मामाचा डॉल्बी भाड्यानं द्यायचा धंदा, वीस वर्षांचा. पौषात लग्नं नसतात, तेव्हा तो मोकळा असतो. जानेवारीत एका दुपारी पेनड्राइव्ह घेऊन गेले. ब्लूटूथ म्हणताच त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट पेनड्राइव्ह पुढं केला. फाइल कसली आहे हे आधी तपासलं. वेव्ह (आवाज न दाबलेली फाइल) आहे म्हटल्यावर अठरा इंचीचे दोन बेस स्पीकर आणि मधल्या-वरच्या आवाजाचा एक टॉप जोडला. आवाज फार नाही, शेजारी दवाखाना आहे.

मी लंडनच्या डीप मेडी लेबलचा एक ट्रॅक लावला. हे लेबल माला या डबस्टेपवाल्या डीजेनं २००६ मध्ये काढलं. मिनिटाला १४० ठोके, पण स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडतो, म्हणून चाल निम्मी वाटते. अर्धा मिनिट झाला आणि मामा उठून टॉपच्या मागं गेला. वायर हलवली. पुढं आला, कान लावला.

"टॉप बंद हाय काय गं?"

"चालू आहे मामा, गाण्यातच मधला आवाज कमी आहे."

तो पुन्हा मागं जाऊन बघून आला. मग बेस आत आला. शटर थरथरलं नाही. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची मात्र फरशीवर बोटभर सरकली. मामा तिच्याकडं बघत राहिला. ट्रॅक संपल्यावर म्हणाला, "आमची पोरं सगळं एकाच डब्यात कोंबत्यात. ढोल तिथंच, बेस तिथंच, गाणं तिथंच. ह्येनं जागा सोडलीया." मी नऊ महिन्यांत वाचलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा हे वाक्य जास्त कामाचं. पुढं काही घेताना मी हेच तपासते: बेस आणि किक (खालच्या आवाजाचा ड्रम) एकमेकांच्या पायात येतात का.

त्या दिवशी त्याला जमैकाचंही सांगितलं. पन्नासच्या दशकात किंग्स्टनमध्ये स्पीकरच्या अशाच भिंती रस्त्यावर उभ्या राहायच्या, दोन सिस्टीमवाले समोरासमोर भिडायचे, आणि दुसऱ्याकडं नसलेली रेकॉर्ड खास तबकडीवर कापून आणायचे. लंडनचा डबस्टेप त्याच वंशातला. दिल्लीत बीएफआर साउंड सिस्टीम त्याच धर्तीवर बांधलेली आहे. मामाला यातलं काहीच नवं वाटलं नाही. "मंडळांचं तेच की," म्हणाला आणि चहा मागवला.

आता तक्रारी. पहिली बँकेची, नाव नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, आपण स्वतः चालू करायचे. ते मला माहीत होतं, चालूही केले होते, तरी तीन वेळा व्यवहार अडला आणि शाखेतल्या बाईंनी "परदेशात कशाला गाणी घेता?" असं विचारलं. वर प्रत्येक खरेदीवर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. म्हणून आता मी महिन्याचं एकदम घेते, शक्यतो बँडकॅम्प फ्रायडेला. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा हिस्सा सोडतात. हे शुक्रवार दर महिन्याला नसतात, तारीख बघून ठेवा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची मध्यरात्र म्हणजे आपली दुपारी साडेबारा किंवा दीड, ऐन जेवणाच्या सुट्टीत.

दुसरं, हे वेळ खाणारं व्यसन आहे. एकेका कपाटात दोन-दोन तास जातात आणि हाती काही लागत नाही. फेब्रुवारीत मी नुसती यादी वाढवत होते, ऐकत नव्हते. आता नियम केलाय: आधी घेतलेली रेकॉर्ड पाच वेळा ऐकल्याशिवाय नवीन घ्यायची नाही. मोडते कधीकधी.

तिसरं, मालकी. बँडकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्सनं घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडरकडं गेलं आणि त्या वेळी निम्म्याच्या आसपास माणसं कमी झाली. उद्या काय होईल ते आपल्या हातात नाही. म्हणून घेतलेलं सगळं त्याच दिवशी फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल) उतरवून दोन हार्डडिस्कवर ठेवते. एक घरी, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आमच्याकडं पंचगंगा घराच्या पायरीपर्यंत येते, हे वाचणाऱ्या कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आणि प्रत्यक्ष ऐकायला मिळणं? विसरा. मार्चमध्ये पुण्याच्या एका कार्यक्रमासाठी रजा टाकून एसटीनं गेले. आयोजकांनी सात सांगून नऊला सुरू केलं, दहाला परवानगी संपली. तासभरासाठी जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. परत येताना कराडला पहाटे चहा प्यायले, तो बरा होता.

विसर्जनातला तो वीस सेकंदांचा तुकडा अजून सापडलेला नाही. मामानं चार ऑपरेटरांना विचारून पाहिलं, कुणी कबूल होत नाही. पावसामुळं सध्या त्याचं सामान ताडपत्रीखाली आहे आणि तो घरी कंटाळतोय. काल रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला: ते खुर्ची सरकवणारं पाठव, आणि तसलं अजून असेल तर तेही, पण वेव्हमध्ये.