मालवणच्या खाऱ्या हवेत ३०६० आणि ४०६०: अकरा महिन्यांनंतर

ग्राफिक्स कार्डाला एल आकाराची पत्र्याची पट्टी असते ना, कॅबिनेटला स्क्रूने बसते ती, तिच्यातून कामाची वीज जात नाही. चिपशी तिचा काही संबंध नाही. तरी कंपनीने त्या पट्टीवरच्या गंजाचा फोटो काढला, त्याला लाल गोल केला, मला पाठवला आणि माझ्या बंद पडलेल्या ३०६०ची (हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, ४०६० त्याच्या पुढच्या पिढीचं) वॉरंटी नाकारली. तीन वर्षांपैकी चौदा महिने शिल्लक होते. मी तीनदा फोन केला, दोनदा मेल लिहिला. उत्तर एकच, ‘गंज म्हणजे बाहेरून झालेलं नुकसान.’

माझं घर दांडीच्या किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. इथे खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, सायकलची चेन एका पावसाळ्यात लाल होते. देशाला एवढा मोठा किनारा आहे, तिथे राहणाऱ्यांनाही हीच कार्डं विकतात, मग त्या पट्टीला धड मुलामा द्यायला काय होतं? माझ्या नव्या ४०६०ची पट्टी काळ्या रंगाची आहे आणि अकरा महिन्यांत तिच्यावर ठिपका नाही. म्हणजे करता येतं.

माझं काम लग्नाचे व्हिडिओ आणि हंगामात दशावतार. ३०६० मी सप्टेंबर २०२२ मध्ये घेतलं होतं, १२ जीबी मेमरीचं. जुलै २०२४ मध्ये एका रात्री स्क्रीन काळी झाली ती झालीच. प्रोसेसर रायझन ५ ३६००, त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड गेलं की मशीन आंधळं. दोन लग्नं द्यायची होती. महिनाभर वॉरंटीसाठी भांडण्यात गेला आणि शेवटी ऑगस्टमध्ये एकोणतीस हजार मोजून ४०६० आणलं. १२ जीबीचं ३०६० पुन्हा घ्यायला हवं होतं का, हा प्रश्न त्यानंतर कित्येक महिने डोक्यात होता.

कारण ४०६०ची मेमरी ८ जीबीच. कागदावर ४०६० नवीन आणि गेममध्ये साधारण पंधरा-वीस टक्के पुढे. माझा भाचा सुट्टीत आला की त्याच्यावर खूश असतो, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं) वगैरे त्याचं चालू असतं. पण मेमरीचा रस्ता १९२ बिटवरून १२८ बिटवर आणलाय, वेग ३६० जीबी प्रति सेकंदावरून २७२ वर. त्याची भरपाई म्हणून चिपमधली एल२ कॅश, म्हणजे आतली छोटी झटपट मेमरी, ३ एमबीची २४ एमबी केली. गेमना ती कॅश पुरते. माझ्या कामाला पुरत नाही.

दशावताराचा खेळ रात्रभर चालतो. मांडावर दोन-तीन दिवे, मागे काळोख, कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४००, म्हणजे चित्रात दाणे येणारच. पखवाज आणि झांजेवर राजा प्रवेश करतो तेव्हा मुकुटाच्या मागचा सगळा काळा भाग मुंग्यांसारखा वळवळत असतो. ते दाणे घालवायला मी दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैशाच्या आवृत्तीतलं टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावतो. ते मागच्या-पुढच्या फ्रेम शेजारी ठेवून काय हललं आणि काय नुसता दाणा आहे हे ठरवतं, म्हणजे त्या सगळ्या ४केच्या फ्रेम एकाच वेळी कार्डाच्या मेमरीत हव्यात. ३०६०वर मागच्या-पुढच्या दोन-दोन फ्रेम निवांत चालायच्या. ४०६०वर जीपीयूची (ग्राफिक्स चिपची) मेमरी भरली असा संदेश येतो आणि रेंडर, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार होणं, थांबतो. फ्रेम एकावर आणल्या तर चालतं, पण राजाच्या चेहऱ्यावरची रंगरेषा पुसट होते.

त्यात भर माझ्या बोर्डाची. बी४५० मदरबोर्ड, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ३, कार्ड आणि बाकी मशीन यांच्यातला जुन्या पिढीचा रस्ता. ४०६०ला सोळा नव्हे, आठच लेन आहेत. नव्या बोर्डावर ते जाणवत नाही, पण जुन्या बोर्डावर रस्ता निम्मा होतो, आणि मेमरी भरून माल रॅममध्ये सांडायला लागला की सगळं रखडतं. जुन्या मशीनमध्ये ४०६० घालणाऱ्यांनी हे आधी बघा.

मार्चपर्यंत मी जो भेटेल त्याला ‘४०६० घेऊ नका’ असंच सांगत होतो. हा मजकूर लिहायला घेतला तोही त्याच रागात.

मग यंदा, २०२५ मध्ये, पाऊस मे महिन्यातच आला आणि लाईटीचा खेळखंडोबा सुरू झाला. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॉटचा. तौक्ते वादळानंतर घेतलेला. ३०६० असताना रेंडर चालू असेल आणि लाईट गेली की यूपीएस एकदा किंचाळायचा आणि सगळं बंद. मी त्याच्या बॅटरीला दोष देत होतो, एकदा बदललीही. यंदा लाईट गेली, यूपीएस टिकटिकत राहिला आणि मी आरामात रेंडर थांबवून फाईल सेव्ह केली. पुन्हा तसंच झालं, मग तिसऱ्यांदाही. तेव्हा वॉटमीटर आणून मोजलं. मॉनिटर धरून भर रेंडरला ३२० वॉट. ३०६० १७० वॉटचं, ४०६० ११५चं. वरचे ५५ वॉट, त्यात पॉवर सप्लायची गळती, म्हणजे आधी मी ३८०च्या आसपास असणार. बॅटरी बदलायचे पैसे उगाच घातले. शिवाय रोज आठ तास रेंडर धरला तर महिन्याला तेरा युनिट वाचतात. यूट्यूबसाठी एव्ही१ (व्हिडिओ लहान करून साठवायची नवी पद्धत) मध्ये थेट एक्स्पोर्ट होतं तेही ४०६०मुळेच. ३०६० एव्ही१ दाखवू शकतं, बनवू शकत नाही. फाईल लहान, आणि आमच्या इथल्या नेटवर रात्रभराच्या खेळाची फाईल चढवायची म्हणजे त्याची किंमत मला कळते.

हे सगळं चालू असताना मेलेलं ३०६० कपाटात होतं. जूनमध्ये कुडाळला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे सहज घेऊन गेलो. त्यांनी हीटसिंक उघडला, भिंग लावलं आणि म्हणाले, “कार्ड मेला नाय रे, मिठान खाल्ल्यान हा.” पॉवरच्या आठ पिनांच्या सॉकेटजवळ हिरवट पापुद्रा होता, एका पिनेचं झाळण त्याखाली सुटलं होतं. पट्टी गंजली होतीच, पण ती तशीच गंजलेली ठेवून त्यांनी बोर्ड ब्रशने आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुतला, पिन पुन्हा झाळली, नवी पेस्ट आणि थर्मल पॅड घातले. बाराशे रुपये. घरी आणून लावलं, स्क्रीन आली. पंधरा दिवस रोज तपासलं, काही कुरकुर नाही.

आता कोणी विचारलं तर मी आधी काम विचारतो. गेम, साधं एडिटिंग, लहान यूपीएस असेल तर ४०६०. ४केवर नॉइज रिडक्शन करणार असाल तर १२ जीबीचं ३०६०, आणि घेताना खोक्यावर १२ लिहिलंय ना ते वाचा, कारण त्याच नावाचं ८ जीबीचं, १२८ बिटचं कार्डही २०२२ मध्ये निघालं आहे.

माझ्या मशीनमध्ये पावसाळाभर ४०६०च राहील. ३०६० लेन्सच्या कपाटात ठेवलंय, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. तिथे बुरशी धरू नये म्हणून जुना पिवळा बल्ब दिवसरात्र चालू असतो; एलईडी फारसा तापत नाही, तो कामाचा नाही. दिवाळीनंतर जत्रा आणि दशावतार सुरू झाले की कार्डं बदलायची, आणि तोवर त्या पट्टीला पॉलिश पेपर मारून काळा रंग द्यायचा आहे.