शिक्षक चांगले, फी वाजवी, पण वरचा कारभार बघूनच ॲडमिशन घ्या (3 स्टार)

नाव टाकत नाही कारण मुलगी अजून तिथंच थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे. तालुक्याच्या गावाजवळ हायवेला लागून असलेलं छोटं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेज, अशी आपल्याकडे ढीगभर आहेत त्यातलंच एक समजा. कॅप राउंडला (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीला) कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना अशी नावं खालच्या नंबरला टाकणारे बरेच पालक असतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. शिकवणं खरंच चांगलं आहे. वर्गात पोरं कमी असल्यामुळे सर नावानं ओळखतात, प्रॅक्टिकलला एका पीसीवर एकच मुलगा, डेटाबेस शिकवणारे सर तर लॅब संपल्यावरही थांबतात. पुण्याच्या मोठ्या कॉलेजातल्या भाच्याला अजून त्याच्या गाइडचं पूर्ण नाव माहीत नाही, तर त्या मानानं हे लाखात एक. एक्स्ट्रा दोन स्टार याच लोकांचे आहेत, मॅनेजमेंटनं ते स्वतःच्या नावावर खपवू नयेत.

आता रडगाणं. कॉलेजला पैशाची ओढाताण आहे हे कोणी तोंडानं सांगत नाही पण दिसतं. सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहतात हे जुनंच, त्यात 2024-25 पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रवेशक्षमतेवरची वरची मर्यादा काढली, मग चांगल्या रेकॉर्डच्या शहरी कॉलेजांना कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवायला रान मोकळं झालं आणि आमच्यासारख्या ठिकाणी येणारी पोरंही तिकडे सरकली. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच वर्षीपासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ. पालक म्हणून मी सरकारला हात जोडतो, पण कॉलेजच्या बाजूनं बघा, ती फी मुलीकडून घ्यायची नाही, सरकारकडून येईल तेव्हा येईल, आणि शिक्षकांचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचा. तो इथं मागे पडलेला असतो. कोणी बोलत नाही पण पार्किंगमधल्या गप्पा कानावर येतातच.

यावर संस्थेनं उपाय काढला तो म्हणजे 'नेतृत्वाची फेररचना'. गेटवर मोठा फ्लेक्स लागला, वर अध्यक्ष, खाली त्यांचे चिरंजीव सीईओ, त्याखाली कॅम्पस डायरेक्टर, त्याखाली डीन ॲकॅडमिक्स, डीन इनोव्हेशन, आणि सगळ्यात शेवटी बारीक फोटोत प्राचार्य, तेही प्रभारी. प्राचार्याला एआयसीटीईच्या नियमानं पीएचडी आणि 15 वर्षांचा अनुभव लागतो, तसा माणूस पूर्ण पगारावर परवडत नसेल म्हणून जुने प्राचार्य गेल्यावर प्रभारीवरच भागवलंय असं मला वाटतं. सही करायला ते, निर्णय घ्यायला सीईओ, आणि जाब विचारायला गेलं की दोघंही मीटिंगमध्ये.

बरं, पैसे वाचवायचे होते ना? मग वर चार नवीन केबिन कशाला, नवीन एसी, नवीन लेटरहेड. काटछाट झाली ती मधल्या लोकांत. सिव्हिल आणि मेकॅनिकलला मिळून एकच एचओडी (विभागप्रमुख), प्लेसमेंटचं काम फिजिक्सच्या मॅडमकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून, आणि स्टुडंट सेक्शन अकाउंट्समध्ये विलीन. ही शेवटची काटछाट सगळ्यात महागात पडली.

स्टुडंट सेक्शनला एक जुने क्लार्क होते. महाडीबीटीचा (फी माफी, स्कॉलरशिपचं सरकारी पोर्टल) फॉर्म मुलीनं भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथं कागद तपासून पुढे पाठवला तरच विभागाकडे जातो, नाहीतर तिथंच पडून राहतो. हे काम ते करायचे. उत्पन्नाचा दाखला जुना आहे, बँक खात्याला आधार लिंक नाही, रिन्युअलऐवजी फ्रेश भरलाय, सगळं खिडकीतूनच सांगायचे, वर ओरडायचे पण. पोरं घाबरायची त्यांना पण फॉर्म कधी अडकला नाही. फेररचनेत त्यांना 'उद्यापासून येऊ नका'. मग काय, फॉर्म कॉलेजच्याच लॉगिनला पेंडिंग, अकाउंट्सवाल्या मॅडमना चुकलेला फॉर्म मुलांकडे सेंड बॅक कसा करतात माहीत नाही, आणि पासवर्ड रिसेट करायला गेले तर ओटीपी त्या क्लार्कच्याच मोबाईलवर! ते बिचारे घरी बसून ओटीपी सांगत होते, फुकट. मी खिडकीसमोर उभा होतो, मॅडम फोनवर 'दादा, आला का बघा ना परत एकदा' म्हणत होत्या, आणि मागे भिंतीवर त्याच फ्लेक्सची छोटी कॉपी.

म्हणजे कॉलेजचं मोठं उत्पन्न ज्या लॉगिनमधून येतं त्याच लॉगिनचा माणूस काढला आणि डीन इनोव्हेशन ठेवला. एका क्लार्कच्या पगाराची बचत किती आणि अडकलेल्या स्कॉलरशिपचे पैसे किती, हा हिशोब फर्स्ट इयरचा मुलगा पण करेल.

अजून एक, हे थोडं किचकट आहे पण सांगतोच. अशा कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तेही ऑडिट झालेल्या खर्चावरून, आणि खर्चात मोठा वाटा पगाराचा. शिक्षक कमी केले, पगार कमी केले की कागदावरचा खर्च कमी, मग पुढे मंजूर होणारी फी पण त्या मानानं कमीच धरली जाणार. त्यामुळे नुसती माणसं कापून कॉलेज सावरेल असं मला तरी वाटत नाही.

ॲडमिशनला जाणाऱ्यांना एवढंच की लॅब, ग्राउंड, स्मार्ट बोर्ड ते दाखवतातच, तुम्ही स्टुडंट सेक्शनची खिडकी बघा, तिथं कोण बसतं, किती वर्षं झाली विचारा. प्राचार्य पूर्णवेळ आहेत की प्रभारी हे विचारा. मंजूर फी प्राधिकरणाच्या साइटवर बघून जा म्हणजे 'इतर शुल्क' म्हणून काय लावतात ते पकडता येतं. आणि ओरिजिनल कागदपत्रं व्हेरिफिकेशन झालं की लगेच परत मागून घ्या, ठेवून घ्यायचा त्यांना अधिकार नाही, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 मध्येच तसं नोटिफिकेशन काढलंय आणि एआयसीटीईचंही तेच म्हणणं आहे. कॉलेज बदलायची वेळ आली तर हेच कागद लागतात.

आम्ही बदलणार नाही, एकच वर्ष राहिलंय आणि सर लोक चांगले आहेत. कॅन्टीन ठीक, वडापाव गरम मिळतो. बस वेळेवर.

ता.क. पालकांनी गेल्या मीटिंगला आवाज केल्यावर त्या जुन्या क्लार्कना आठवड्यातून दोन दिवस परत बोलावलंय, म्हणे तासांवर मानधन. तासिका तत्त्वावरचे सर ऐकले होते, क्लार्क पहिल्यांदाच बघतोय. मुलीचा फॉर्म मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी पुढे पाठवला.