लहान अंगणासाठी काय निवडावे : फरशी, हिरवळ, एखादे झाड की कुंड्या?

शहरातील रो-हाउस किंवा लहान बंगल्याच्या मागे, अथवा जुन्या घराच्या दोन खणांच्या मध्ये, साधारण १५ फूट रुंद आणि २० फूट लांब असे अंगण असते. तीन बाजूंना भिंती, एका बाजूला स्वयंपाकघराचे दार, कोपऱ्यात मोरीचा पाइप आणि एक नळ. एवढ्या जागेत हिरवळ, झोपाळा, तुळशीवृंदावन, कारंजे, लिंबाचे झाड आणि चार जणांना बसण्याची सोय असे सारेच बसवण्याचा मोह होतो आणि मग त्यांपैकी कशालाच पुरेशी जागा उरत नाही. तीनशे चौरस फुटांत खरा निर्णय एकच असतो : मधली जागा कोणाला द्यायची. कडेचे वाफे, वेली, बैठक हे सारे त्या निर्णयामागून येते. म्हणून या आढाव्यात मधल्या जागेचे चार दावेदार एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आहेत. विचार मुख्यतः पुणे, सातारा, नाशिक, संभाजीनगर अशा घाटावरच्या शहरांचा केला आहे. कोकण आणि विदर्भाची गणिते वेगळी असल्याने त्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे येईल.

आवडीनिवडीच्या आधी ऊन पाहणे भाग आहे. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८.५ अंश उत्तरेस, २१ डिसेंबरच्या आसपास भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे दक्षिणेकडील १० फुटी भिंतीची सावली दुपारीही ९ फूट आत येते, आणि दक्षिणेला २० फूट उंचीचे दुमजली घर असेल तर तीच सावली १८ फुटांची होऊन १५ फुटी अंगण एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत झाकून टाकते. उलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि याच दिवसांत घर पाहिलेल्या माणसाला आपले अंगण लख्ख उन्हाचे वाटते. हिवाळ्यातील एखाद्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीची कड खडूने आखून ठेवली, तर निम्मे पर्याय तिथेच गळून पडतात. सहा तासांपेक्षा कमी थेट ऊन असेल तर हिरवळ आणि लिंबू यांचा विचार सोडावा. तीन तासांपेक्षाही कमी असेल तर फुलझाडांची अपेक्षाच बेताची ठेवावी.

फरशी की हिरवळ

बांधकाम व्यावसायिकांच्या माहितीपत्रकांत लहान अंगण हमखास हिरवेगार गालिचासारखे रंगवलेले असते, त्यामुळे बहुतेकांची पहिली पसंती हिरवळीला जाते. हिरवळीचे गुण खरे आहेत : उन्हाळ्यात ती पायाखालची जमीन तापू देत नाही, संध्याकाळी त्यावर अनवाणी बसता येते आणि पावसाचे पाणी जागीच मुरते. परंतु केवळ २०० चौरस फूट हिरवळीला एप्रिल-मेमध्ये रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी ते नव्वद लिटरहून अधिक होते. ज्या सोसायटीत त्या महिन्यांत टँकर येतो, तिथे हा हिशेब शेजाऱ्यांच्याही डोळ्यांवर येतो. शिवाय लहान अंगणात जाण्या-येण्याची वाट एकच असते. दारापासून नळापर्यंतचा पट्टा काही महिन्यांत तुडवून उघडा पडतो आणि तिथे लव्हाळा शिरतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली राहत असल्याने तो वरवर उपटून जात नाही. मेक्सिकन गवत दिसायला मखमली असले तरी सावलीत विरळ होते आणि त्यातले तण हातानेच काढावे लागते. आपली साधी हरळी तुडवणूक सोसते, पण तिलाही भरपूर ऊन लागते आणि शेजारच्या वाफ्यात घुसण्याची तिची खोड मोडत नाही.

फरशीचा पक्ष कोरडा वाटला तरी लहान अंगणात तो बळकट आहे. अंगण वापरायचे असते : वाळवण घालायचे, मुलांना खेळू द्यायचे, दिवाळीत रांगोळी काढायची, चार खुर्च्या टाकायच्या. या सगळ्याला घट्ट जमीन लागते. फरश्यांमध्ये शहाबादी खडबडीत असल्याने ओल्यावर कोट्यापेक्षा कमी घसरते आणि सहसा स्वस्त पडते; गुळगुळीत पॉलिशची कोटा फरशी अंगणात लावू नये, आणि चकचकीत टाइल तर मुळीच नको. दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत, म्हणून संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा लिंबाचा रस सांडला की पांढरट डाग राहतो. अंगण धुताना हे लक्षात ठेवावे. काळा कडप्पा उन्हात इतका तापतो की दुपारी त्यावर पाय ठेववत नाही.

फरशीचा खरा दोष पाण्याचा आहे. ३०० चौरस फुटांवर ५० मिलिमीटरची एक सर पडली, तर सुमारे १,४०० लिटर पाणी जमा होते. सगळे अंगण सिमेंटमध्ये बांधून काढले, तर ते सारे एकाच जाळीतून बाहेर पडले पाहिजे, आणि पहिल्याच पावसात त्या जाळीवर पालापाचोळा बसलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे काँक्रीटऐवजी मुरूम आणि वाळूच्या थरावर फरशी बसवणे, दोन फरश्यांमध्ये अर्धा ते एक इंच सांधा मोकळा ठेवून त्यात वाळू किंवा हरळी भरणे, आणि दर ८ फुटांना एक इंच ढाळ झाडाच्या आळ्याकडे देणे. गवंडी याला नाखूश असतो, कारण त्याला सांधे सिमेंटने भरून काम हातावेगळे करायचे असते. इथे मात्र मालकाने आग्रह धरावा. काळ्या मातीच्या भागात एक अडचण आहे : ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती फूटभर खोदून मुरूम भरल्याशिवाय बसवलेली फरशी दोन पावसाळ्यांत वरखाली होते.

या दोघांत निवड करायची झाल्यास, रोजच्या वापराच्या अंगणाला मोकळ्या सांध्यांची शहाबादी फरशी अधिक योग्य ठरते. हिरवळ तिथेच शोभते, जिथे ऊन भरपूर आहे, पाणी स्वतःचे आहे आणि वाटेसाठी वेगळी जागा आहे.

मध्यभागी झाड असावे का, आणि कोणते

फरशी असो वा नसो, एका झाडाने अंगणाला जे छत मिळते, ते छत्री किंवा हिरव्या जाळीने मिळत नाही. मात्र झाड हा मागे न घेता येणारा निर्णय आहे. १९७५ च्या राज्य अधिनियमानुसार नागरी क्षेत्रात खाजगी आवारातील झाड तोडण्यासाठीही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे ‘आधी लावून पाहू, नको झाले तर काढू’ हा विचार इथे चालत नाही. आंबा, फणस, देशी बदाम, वड-पिंपळाच्या कुळातील रबर प्लांट आणि फायकस यांना १५ फुटांच्या चौकात जागा नाही. शेवग्याला काहीजण पसंती देतात, पण त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात आणि पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे पुंजके खोडाला चिकटून बसतात. दाराजवळ ते नकोच.

उरलेल्यांत पारिजातक आणि देवचाफा हे खरे प्रतिस्पर्धी आहेत. पारिजातकाला अर्ध्या दिवसाचे ऊन पुरते, छाटणीने तो १२ फुटांच्या आत राहतो आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पुढे रोज पहाटे त्याचा सडा पडतो. हा सडा ओल्या फरशीला चिकटतो. नऊ वाजेपर्यंत पाकळ्या पारदर्शक होऊन दगडाला लागतात, केशरी देठ तेवढे वर दिसत राहतात आणि केरसुणीने ते निघत नाहीत, खराट्यानेच काढावे लागतात. ज्यांना हे रोजचे काम आनंदाचे वाटते, त्यांनीच मधोमध पारिजातक लावावा. इतरांनी तो कोपऱ्यात, मातीच्या वाफ्यावर घ्यावा. त्याची दुसरी उणीव अशी की पाणी कमी पडल्यास ऐन उन्हाळ्यात तो पाने गाळतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच ती विरळ होते.

देवचाफ्याचे वेळापत्रक याच्या नेमके उलटे आहे. तो हिवाळ्यात निष्पर्ण होतो आणि कोवळे ऊन अंगणात येऊ देतो. उन्हाळ्यात आधी फुले आणि मग मोठी पाने धरून सावली करतो. दक्षिणेकडे भिंत असलेल्या चौकाला ही देवाणघेवाण फार सोयीची आहे. पाणी अत्यल्प लागते, मुळे फरशी उचलत नाहीत, आणि हातभर फांदी तोडून आठवडाभर सावलीत वाळवून लावली तरी रुजते. फांदी मोडल्यावर निघणारा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, आणि पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला तांबेरा या बुरशीजन्य रोगाची नारिंगी पूड दिसते. अशी पाने गोळा करून टाकली, की झाडाला विशेष अपाय होत नाही. उघडी फांद्यांची मोळी चार महिने पाहायला ज्यांना आवडत नाही, त्यांचे मात्र या झाडाशी जमणार नाही.

सोनचाफा सदाहरित आणि सुगंधी, पण बियांपासून वाढवलेला सोनचाफा मोठा वृक्ष होतो. घ्यायचाच तर कलम घ्यावे. ते लवकर फुलते आणि छाटणीने आवाक्यात राहते. मुळांशी पाणी साचले तर तो टिकत नाही. एक फूट खोल खड्डा भरून पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही ते दिसत असेल, तर त्या जागी सोनचाफा लावू नये.

लिंबू आणि कढीपत्ता यांची तुलना स्वयंपाकघराच्या दृष्टीने करावी. कागदी लिंबाला सहा तास ऊन, नियमित खत आणि काट्यांपासून सुरक्षित अंतर लागते; राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे साई सरबती वाण चांगले आहे, पण अर्धसावलीत कोणतेही वाण फळे धरत नाही. कढीपत्ता थोड्या उन्हावर निभावतो, आठ फुटांत राहतो आणि जितका खुडावा तितका फुटतो. मुळांतून निघणारे फुटवे तेवढे काढत राहावे लागतात. दोन्हींवर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवीगार होते, आणि बोट लावले तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. औषध फवारण्याची गरज नाही. मोठ्या झाडाला चार-सहा अळ्यांनी काही होत नाही, आणि रोप लहान असेल तर त्या हाताने वेचता येतात.

कुंड्या, वाफे आणि भिंती

भाड्याचे घर, तळघरावरचे अंगण किंवा दिवसभर सावली, या तीन परिस्थितींत कुंड्याच योग्य. त्या हलवता येतात, हिवाळ्यात उन्हाच्या पट्ट्याकडे सरकवता येतात आणि चूक झाली तर एका रोपाचेच नुकसान होते. त्यांची किंमत श्रमात मोजावी लागते. मातीच्या कुंडीतून चहूबाजूंनी पाणी उडते. मे महिन्यात दहा इंची कुंडी सकाळी भरली तरी संध्याकाळी बोट खुपसल्यावर माती कोरडी लागते. चार दिवस गावाला जायचे तरी कोणाला तरी सांगून जावे लागते. म्हणून वीस लहान कुंड्यांपेक्षा अर्धे ड्रम कापून केलेल्या चार मोठ्या कुंड्या बऱ्या. सावलीच्या अंगणात स्नेक प्लांट, नेचे, मनी प्लांट, पीस लिली यांच्यावर समाधान मानावे. मोगरा तिथे पाने देईल, कळ्या देणार नाही.

भिंतीलगत दीड फूट रुंदीचा वाफा मात्र शक्य तिथे ठेवावाच. मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ लावण्याची जुनी पद्धत आजही उपयुक्त आहे, मात्र त्या पाण्यात कपड्यांची पावडर फार नसावी. वेलींमध्ये मधुमालती झपाट्याने भिंत झाकते, पण तिला वर्षातून दोनदा निर्दयपणे छाटावे लागते, नाहीतर ती गच्चीवर पोहोचते. जाई-जुई हळू वाढतात आणि लहान जागेत अधिक शहाण्यासारख्या वागतात. अनंत अनेकांना हवा असतो. बोअरच्या जड पाण्यावर त्याची पाने पिवळी पडत जातात, म्हणून घाटावर तो पावसाचे किंवा पालिकेचे पाणी मिळणार असेल तरच घ्यावा.

कोकणात हाच अनंत सहज फोफावतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे तिथे पाणी पुरवण्यापेक्षा काढून देण्याचा प्रश्न मोठा असतो : सिमेंटचा कोबा शेवाळतो, उघड्यावरच्या कुंड्यांतली रोपे सडतात. पावसाळ्यानंतर खळे, म्हणजे अंगण, चोपून शेणाने सारवण्याची तिथली रीत याच हवामानातून आली आहे. जिथे रोज सारवायला माणूस नाही, तिथे जांभ्याची पायवाट आणि बाकीची माती अबोली, हळद, सुपारी यांना द्यावी. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे फरशी कमीत कमी ठेवून झाडालाच मधली जागा द्यावी, आणि कुंड्या मार्च ते जून पश्चिमेच्या भिंतीआड, म्हणजे सकाळचे ऊन अडेल अशा जागी नव्हे तर दुपारचे ऊन टळेल अशा जागी, हलवाव्यात.

कामाचा क्रम ठरवताना फरशी मेअखेर पूर्ण करावी आणि झाडासाठी तीन फूट रुंदीचे आळे मोकळे सोडून खड्डा उन्हात तापू द्यावा. मृगाचा पाऊस लागून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की रोप लावावे. फरशी बसवण्यापूर्वी नळापासून आळ्यापर्यंत अर्ध्या इंचाचा पाइप जमिनीखालून टाकून घ्यावा. तो नंतर टाकायचा म्हटला, तर नवी फरशी उखडावी लागते.