द गेम अवॉर्ड्स: यादी पटते, शो पटत नाही

आधी माझं मत सांगून टाकतो, मग कारणं. द गेम अवॉर्ड्स या व्हिडिओ गेम्सच्या पुरस्कार सोहळ्याची विजेत्यांची यादी बऱ्यापैकी विश्वास ठेवण्यासारखी असते, पण ती यादी ज्या शोमधून आपल्यापर्यंत येते तो शो विश्वास ठेवण्यासारखा नाहीये. हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि दर डिसेंबरला लोक ते एकत्र करून भांडत बसतात, एक गट म्हणतो सगळं विकलेलं आहे, दुसरा म्हणतो अरे जिंकलेले गेम्स तर चांगलेच आहेत ना मग तुमची तक्रार काय. दोघांचंही अर्धं बरोबर आहे म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय.

यादीचं आधी. गेम ऑफ द इयर, म्हणजे सगळ्यात मोठं अवॉर्ड, मिळालेले गेम्स बघा: २०२१ ला इट टेक्स टू, २०२२ ला एल्डन रिंग, २०२३ ला बाल्डर्स गेट ३, २०२४ ला ॲस्ट्रो बॉट, २०२५ ला क्लेअर ऑब्स्क्युअर एक्स्पिडिशन ३३. यात बाल्डर्स गेट ३ लॅरियन या स्टुडिओनं बाहेरच्या पब्लिशरशिवाय, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीशिवाय, स्वतःच पब्लिश केलेला, आणि एक्स्पिडिशन ३३ तर सँडफॉल नावाच्या फ्रेंच स्टुडिओचा पहिलाच गेम, त्यानं एका रात्रीत नऊ अवॉर्ड्स नेले. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त पैसा आहे तेच दरवर्षी जिंकतात असं या यादीत मला तरी दिसत नाही. मतं विकली जातात हा आरोप मला पटत नाही आणि त्याचा पुरावाही कोणी दिलेला नाही. मतदानाची पद्धत सगळ्यांना माहिती आहे, जगभरातल्या शंभराहून जास्त मीडिया आउटलेट्सची ज्युरी, तिचं वजन ९० टक्के आणि पब्लिकच्या मतांचं १० टक्के. ज्युरीत कोण कोण आहे ती यादी वेबसाइटवर असते.

मग पाणी मुरतं कुठे? तर पैसा कुठून येतो तिथे.

हा शो जेफ कीलीचा आहे. आधी स्पाइक टीव्ही या अमेरिकन चॅनलच्या व्हिडिओ गेम अवॉर्ड्सचं काम तो बघायचा, ते सोडून २०१४ ला त्यानं स्वतःचे पैसे घालून हा नवा शो उभा केला, आणि ते धाडसाचं काम होतं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण आज परिस्थिती अशी आहे की मालक तोच, निर्माता तोच, स्टेजवर उभा राहून बोलणारा तोच, आणि ज्या शोमध्ये अवॉर्ड्सच्या मध्ये येणाऱ्या नव्या गेम्सच्या ट्रेलरसाठी जागा विकल्या जातात तो शोही त्याचाच. २०२५ मध्ये आलेल्या बातम्यांनुसार एका मिनिटाच्या ट्रेलरचा भाव साडेचार लाख डॉलरच्या आसपास आणि तीन मिनिटांचा दहा लाखांच्या वर गेला होता. हे पैसे भरणार कोण? ज्यांचे गेम्स त्याच रात्री किंवा पुढच्या वर्षी नॉमिनेशनमध्ये असणार तेच पब्लिशर. म्हणजे परीक्षा घेणाऱ्या शाळेचा सगळा खर्च परीक्षेला बसलेल्या पोरांच्या घरून येतोय आणि पेपर तपासणारे मास्तर मात्र बाहेरचे आहेत, तर मार्क कदाचित बरोबरच पडतील, पण निकालाच्या दिवशी स्टेजवर कोणाचं कौतुक किती वेळ चालणार हे शाळा ठरवणार ना. बरं हा एकच शो नाही, उन्हाळ्यातला समर गेम फेस्टही त्याचाच, आणि जर्मनीतल्या गेम्सकॉम प्रदर्शनाच्या ओपनिंग नाइट लाइव्ह या शोचा होस्टही तोच. वर्षातल्या तीन मोठ्या स्टेजवर एकच माणूस उभा. तो प्रामाणिक असेलही, मला तसं वाटतंही, पण व्यवस्था एका माणसाच्या प्रामाणिकपणावर उभी असणं हाच माझा आक्षेप आहे.

सगळ्यात जास्त खटकतं ते हे की शो बघताना कुठला ट्रेलर पैसे देऊन आलाय आणि कुठला आयोजकांना आवडला म्हणून आलाय हे कळतच नाही. स्क्रीनवर कुठे एक ओळही नसते. २०२५ च्या शोचा शेवटचा ट्रेलर, म्हणजे सगळ्यात मानाची जागा, हायगार्ड नावाच्या शूटरला मिळाली आणि लोकांनी लगेच ठरवून टाकलं की भरपूर पैसे मोजले असणार. नंतर बातम्या आल्या की ती जागा फुकट दिली होती, कीलीला गेम आवडला म्हणून. आता बघा, दोन्ही बाजूंनी गोची आहे. पैसे घेतले असते तर ती जाहिरात होती, नाही घेतले तर एका माणसाच्या आवडीवर वर्षातली सगळ्यात महागडी जागा गेली, आणि प्रेक्षकाला शो बघताना यातलं काहीच सांगितलं नाही. त्या स्टुडिओलाही याचा त्रासच झाला, लोक गेम खेळायच्या आधीच त्याच्यावर चिडलेले होते. हे टाळायला स्क्रीनच्या कोपऱ्यात एक शब्द पुरला असता.

मग सल्लागार मंडळ. यात सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो आणि मोठ्या पब्लिशर्सची माणसं आहेत, हिदेओ कोजिमा हा प्रसिद्ध जपानी गेम डिझायनरही आहे. शोचं म्हणणं असं की हे मंडळ मत देत नाही, नॉमिनेशन ठरवत नाही. मान्य. पण ज्युरीत कुठली आउटलेट्स घ्यायची ते ठरवण्यात या मंडळाचा हात असतो, आणि माझ्या मते परीक्षक निवडण्याची ताकद ही मतापेक्षा लहान गोष्ट नाही. हे कोणी लपवून ठेवलेलं नाही, उघड आहे, म्हणूनच मला जास्त आश्चर्य वाटतं की इतकी वर्षं ते तसंच चालू आहे. अकरा वर्षं झाली, आता या शोला कुठल्या कन्सोल कंपनीच्या पाठिंब्याची गरज राहिलेली नाही, आयोजकांच्याच आकड्याप्रमाणे २०२४ ला १५ कोटींच्या वर लाइव्हस्ट्रीम्स झाले. आता तरी या लोकांना मंडळावरून उतरवता येईल की नाही?

कोजिमाचा विषय निघालाच आहे तर २०१९. त्याच्या डेथ स्ट्रँडिंग या गेमला त्या वर्षी दहा नॉमिनेशन्स, तोपर्यंतच्या इतिहासात सगळ्यात जास्त, आणि त्याच गेममध्ये जेफ कीली स्वतः एक पात्र म्हणून दिसतो. दोघांची मैत्री जगजाहीर. शेवटी गेम ऑफ द इयर सेकिरोला गेला, डेथ स्ट्रँडिंगला डिरेक्शन, संगीत आणि त्यातल्या मॅड्स मिकेल्सन या अभिनेत्याच्या अभिनयाचं असे तीन मिळाले, आणि ते तिन्ही कोणीही प्रामाणिकपणे दिले असते असेच आहेत. म्हणजे निकालात घोळ झाला असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण शोचा मालक एका स्पर्धक गेममध्ये आहे हे त्या रात्री शोनंच दोन वाक्यात सांगायला हवं होतं. कुठल्याही स्पर्धेत परीक्षकाचा नातेवाईक स्पर्धक असला तर आधी सांगतात, तेवढंच. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही, सगळ्यांचे असतात, ते न सांगणं चुकीचं.

ज्युरीबद्दलही बोललं पाहिजे, कारण लोक म्हणतात कीलीला काय, मतं तर पत्रकार देतात. हो, पण गेम मीडियाची स्वतःची अडचण जुनी आहे. गेम्स रिलीजच्या आधी मिळतात ते पब्लिशरकडून, जाहिराती येतात त्याही पब्लिशरकडून. २००७ ला गेमस्पॉट या गेम साइटनं आपल्या रिव्ह्यू लिहिणाऱ्या जेफ गर्स्टमनला काढलं, केन अँड लिंच या गेमला त्यानं कमी मार्क दिले होते आणि त्याच वेळी साइटभर त्याच गेमच्या जाहिराती होत्या, खरं कारण तेच होतं हे त्याला जाहीर सांगता यायला २०१२ उजाडलं. आणि २०१२ हे वर्षच या बाबतीत वाईट होतं, ब्रिटनमध्ये गेम पत्रकारांच्याच एका अवॉर्ड्स सोहळ्यात टूम रेडर या गेमचा हॅशटॅग ट्वीट करा आणि प्लेस्टेशन ३ जिंका अशी स्पर्धा होती आणि काही पत्रकारांनी खरंच ट्वीट केले. यावर रॉबर्ट फ्लॉरेन्स या लेखकानं युरोगेमर या ब्रिटिश गेम साइटवरच्या आपल्या सदरात लिहिलं, एका पत्रकाराच्या तक्रारीनंतर त्या लेखातला मजकूर काढला गेला आणि फ्लॉरेन्सनं ते सदरच सोडलं. त्याच्याच लेखाला लावलेला फोटो कोणाचा होता तर हॅलो ४ या गेमच्या प्रमोशनला डोरिटोस आणि माउंटन ड्यूच्या शेजारी बसलेल्या जेफ कीलीचा. तो फोटो आजही फिरतो. मला वाटतं त्यानंतर मीडिया खूप सुधारलाय, बहुतेक साइट्स आता रिव्ह्यूसाठी गेमचा कोड, म्हणजे फुकट प्रत, कुठून मिळाला ते रिव्ह्यूखाली लिहितात. मग हीच माणसं ज्या शोसाठी मत देतात तो शो तेवढंही का लिहीत नाही?

काही जण म्हणतात मग सगळं पब्लिक वोटिंगवर द्या. नको, अजिबात नको. स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या २०२३ च्या अवॉर्ड्समध्ये पब्लिकनं स्टारफील्डला सगळ्यात नावीन्यपूर्ण गेमप्लेचं आणि रेड डेड रिडेम्प्शन २ ला लेबर ऑफ लव्ह दिलं, म्हणजे वर्षानुवर्षं नवीन अपडेट्स देत राहिल्याबद्दल, जेव्हा त्याच्या ऑनलाइन भागाकडे तो बनवणाऱ्या रॉकस्टारनं केव्हाच लक्ष देणं बंद केलेलं. आणि २०२२ ला गेम अवॉर्ड्सच्याच प्लेयर्स व्हॉइस या फक्त पब्लिकच्या मतांवर चालणाऱ्या विभागात गेन्शिन इम्पॅक्ट आणि सॉनिक फ्रंटियर्सच्या चाहत्यांची मारामारी झाली, बॉट्सकडून खोटी मतं टाकल्याचे आरोप वगैरे, आणि जिंकल्यावर गेन्शिनच्या खेळाडूंना गेममधलं चलन वाटलं गेलं. चाहत्यांची फौज मोठी तो जिंकणार, यात गेम कसा आहे हा प्रश्नच उरत नाही.

कॅटेगरीचा घोळ थोडक्यात. इंडी, म्हणजे स्वतंत्र छोट्या टीमचा गेम, नेमका कशाला म्हणायचं हे शोनं ज्युरीवर सोडलंय, त्यामुळे २०२३ ला डेव्ह द डायव्हर बेस्ट इंडिपेंडंटमध्ये होता, जो नेक्सॉनसारख्या मोठ्या कंपनीच्या घरातल्या मिंटरॉकेटनं केलेला. शेवटी अवॉर्ड सी ऑफ स्टार्सला गेलं, पण पाचातली एक जागा एखाद्या खऱ्या छोट्या टीमची गेली ती गेलीच. व्याख्या लिहा, वाद संपतील.

आता सगळ्यात दुखणारी गोष्ट. २०२३. एवढं गाजलेलं वर्ष, आणि विजेत्यांना बोलायला जेमतेम अर्धा मिनिट, समोरच्या स्क्रीनवर आवरतं घ्या अशी पाटी. लॅरियनचा प्रमुख स्वेन विन्के गेम ऑफ द इयर घ्यायला चिलखत घालून आला, गेम बनत असताना वारलेल्या सहकाऱ्याबद्दल बोलत होता आणि संगीत वाजायला लागलं. दुसरीकडे त्याच रात्री कोजिमा आणि चित्रपट दिग्दर्शक जॉर्डन पील यांच्या गप्पांना भरपूर वेळ होता. संगीत फार लवकर वाजवलं गेलं असं कीलीनं नंतर मान्य केलं, आणि २०२४ ला लोकांना बोलू दिलं हेही खरं, त्याच स्टेजवर विन्के पुन्हा आला आणि शेअरहोल्डरसाठी नाही तर स्वतःला खेळायला आवडेल म्हणून गेम बनवणाऱ्यांबद्दल जे बोलला ते त्या शोमधलं माझं सगळ्यात आवडतं भाषण. पण बऱ्याच कॅटेगरी अजूनही दोन ट्रेलरच्या मध्ये भराभर वाचून टाकतात, विजेता स्टेजवर येत पण नाही. पाच वर्षं राबलेल्या माणसाचा मिनिट आणि विकत घेतलेला मिनिट यांच्यात कोण जिंकतं हे बघायला मला कुठला लीक झालेला कागद लागत नाही, घड्याळ लावलं की दिसतं. हितसंबंधांचा परिणाम निकालावर नाही, वेळेवर होतो.

दुसरे पर्याय आहेत. ब्रिटनच्या बाफ्टाचे गेम अवॉर्ड्स आणि अमेरिकेतले डाइस अवॉर्ड्स, दोन्हीकडे इंडस्ट्रीतली माणसं मत देतात, जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेच्या अवॉर्ड्सना डेव्हलपर्स. हितसंबंध तिथेही आहेत, आपल्याच कंपनीतल्या मित्राला मत देणारे असणारच, पण निदान संध्याकाळ ट्रेलर विकण्यावर चालत नाही आणि जिंकणारा माणूस आपलं बोलणं पूर्ण करतो.

रेटिंग द्यायचं तर नॉमिनेशनच्या यादीला पाचपैकी चार, शोला दोन. यादी नोव्हेंबरमध्येच येते, ती काढून ठेवा, त्यातले बेस्ट इंडिपेंडंट आणि बेस्ट डेब्यू हे दोन विभाग आधी बघा कारण तिथेच तुम्ही न ऐकलेले गेम्स सापडतात. भाषणं दुसऱ्या दिवशी वेगळी बघता येतात. आणि आयोजकांपैकी कोणी वाचत असेल तर तीनच मागण्या आहेत माझ्या: पैसे घेतलेल्या ट्रेलरवर तसं लिहा, पब्लिशर्सची माणसं मंडळावरून काढा, प्रत्येक आउटलेटनं कोणाला मत दिलं ते शो संपल्यावर जाहीर करा. यातल्या पहिलीला एक पैसा खर्च नाही, पुढच्या डिसेंबरपासूनच करता येईल.