कॉन्व्हेंटमध्ये पोरांच्या मनाकडं कुणी बघतं का? आमचा अनुभव

शाळेचं नाव लिहीत नाही. खाली दोन-चार कडू गोष्टी येणार आहेत आणि पोरीची दहावी अजून व्हायची आहे. कोल्हापुरातली कॅथलिक शाळा, सिस्टर लोक चालवतात, एवढं पुरे. ॲडमिशनचे दिवस आले की उद्यमनगरातले ओळखीचे लोक वर्कशॉपवर चहाला थांबून विचारतात, "इंग्लिश चांगलंय, शिस्त आहे, ते माहितीये. पण पोरगं आतून खचलं तर तिथं कुणी बघतं का?" हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच. निकाल, गॅदरिंग, रिक्षामामा यांवर बाकीच्यांनी रग्गड लिहिलंय.

तर, बघतात. माहितीपत्रकात काउन्सेलर मॅडमचा फोटो ठळक छापलाय, पण आमच्या बाबतीत गोष्ट पकडली ती सिक रूममधल्या म्हाताऱ्या सिस्टरनी. त्यांच्याकडं एक लांबडं रजिस्टर असतं. नाव, वर्ग, कितवा तास, काय होतंय, काय दिलं. आठवीत पोरीचं सारखं पोट दुखायला लागलं. ओवा-पाणी, थोडा वेळ पडायचं, परत वर्गात. डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली होती, ती चालू. सिस्टरनी एक दिवस मागची पानं चाळली आणि ‘कितवा तास’ या रकान्यात पेन्सिलीनं खुणा केल्या. प्रत्येक दुखणं गणिताच्या तासाचं, तेही चाचणीचे पेपर वाटायच्या दिवशी. त्या वर्गात मार्क नावासकट मोठ्यानं वाचायची पद्धत होती, सगळ्यात कमीवाल्यापासून सुरुवात.

फोन आला तेव्हा लेथ चालू होता, बाहेर येऊन बोललो. सिस्टर म्हणाल्या, "आज तिला काही विचारू नका. जेवू घाला, झोपू दे. उद्या दोघंही या. आईला एकटीला पाठवायचं नाही." हे शेवटचं वाक्य मला आवडलं. आपल्याकडं शाळेचं बोलावणं म्हणजे बाईनं पदर खोचून जायचं आणि बापानं रात्री विचारायचं, "काय म्हणाले?" इथं ते चालत नाही.

काउन्सेलर मॅडमनी पोरीला आमच्यासमोरच नियम सांगितला. तू इथं बोललेलं तुझ्या परवानगीशिवाय आई-बाबांनाही कळणार नाही. पण जिवाला धोका असेल, किंवा कुणी नको तसा हात लावला असेल, तर मी गप्प बसू शकत नाही. दुसऱ्या बाबतीत तर कायदाच आहे. २०१२ च्या पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक, लपवलं तर शिक्षा. हे आधीच सांगितल्यामुळं पोरगी मोकळी झाली. कुठं झाकलं जाणार आणि कुठं नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. पुढं काय बोलणं झालं ते मला अजूनही माहीत नाही, आणि पोट दुखायचं थांबलंय.

त्या वर्गात आता पेपर घडी घालून हातात देतात. दुसऱ्या एका तुकडीत मात्र नावं वाचणं चालूच आहे, असं पोरं सांगतात. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात मार्कांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, असं आहे. रोख मुख्यतः कोचिंग क्लासवर, पण शाळांनाही जमेल तितकं पाळायला सांगितलंय. एवढ्या मोठ्या शाळेला एका तुकडीत जमतं, तर शेजारच्या तुकडीत काय अडतं?

त्याच सूचनांमध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा, असं म्हटलंय. आमच्या शाळेत मॅडम आहेत, पण आठवड्यातून दोनच दिवस येतात, तेही दुपारी. बुधवारी रडू आलं तर शुक्रवारपर्यंत आवरून धरायचं. शिवाय पालकांची भेट कायम कामाच्या वेळेत, आणि भरायचा फॉर्म चार पानी इंग्रजी. माझ्या शेजारच्या फाउंड्रीतल्या एका कामगारानं तो फॉर्म माझ्याकडून भरून घेतला. त्याच्या घरातलं जे मला कळायचं कारण नव्हतं, ते सगळं मला कळलं. मराठी फॉर्म छापायला किती खर्च येतो, मी ऑफसेटवाल्याला विचारून सांगायला तयार आहे.

आता तक्रारपेटी. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या ऑगस्ट २०२४ मधल्या प्रकारानंतर सगळ्याच शाळांना जाग आली. इथं पेटी नवी कोरी, कुलूप पितळी. टांगलीय कुठं, तर ऑफिसच्या खिडकीखाली, बरोबर कॅमेऱ्यासमोर. कुठलं पोर तिथं चिठ्ठी टाकणार? सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असायच्या समितीचा, फलक आहे, त्यावर शाळा सोडून गेलेल्या एका बाईंचं नाव अजून तसंच. पालकसभेत दोन्ही बोललो. "नोंद घेतली" झालं.

धर्माचं विचारणारेही पुष्कळ. सकाळी प्रार्थना असते, चॅपल उघडं असतं, कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा तास, त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स. पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, घटनेचं २८ वं कलम आहे, आणि इथं कुणी तसा प्रयत्नही केला नाही. आमची पोरगी परीक्षेआधी चॅपलमध्येही जाऊन बसते आणि अंबाबाईलाही जाते. चॅपलमध्ये पंखा चांगला आहे म्हणते.

एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. डायरीच्या मागच्या कव्हरवर १०९८ ही चाइल्डलाइन आणि १४४१६ ही टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन), दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात छापलेत. दोन्ही फुकट, रात्रीसुद्धा चालतात. मराठीतूनही बोलता येतं.

ॲडमिशनला जाल तेव्हा काउन्सेलर आहे का, हे विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. सिक रूम दाखवा म्हणा, तिथलं रजिस्टर कोण वाचतं ते विचारा, आणि पेटीची किल्ली कुणाकडं असते ते. आमच्या शाळेला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. पेटी जिन्याखाली हलवली की त्याच दिवशी चार करतो.