परसात पुरलेली मडकी : नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी घरामागच्या वाफ्यात आणि गच्चीवर मिळून १४ मडकी गळ्यापर्यंत मातीत पुरली, भाज्यांना त्यांतून पाझरून पाणी मिळावं म्हणून. त्यातली १० आज नोव्हेंबरातही चालू आहेत. दोन फुटली, दोन मी स्वतःच उकरून काढली. पहिल्या महिन्यात मला जे वाटत होतं, त्यातलं निम्मं पुढे बदललं. म्हणून इतके दिवस लिहायचं थांबले होते.

आम्ही सोलापूरचे. नळाला रोज पाणी येत नाही. आलं की पिंपं भरून ठेवायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत जपून वापरायचं, ही सवय अंगवळणी पडलेली. बोअर आहे, पण पाणी जड. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझा वाफा १२ फूट बाय ४ फूट, शिवाय गच्चीवर दोन अर्धी पिंपं. वांगी, मिरची, टोमॅटो, दोडका आणि थोडी पालेभाजी. मडकी पुरण्याआधीच्या उन्हाळ्यात यालाच रोज तीन-चार बादल्या लागत होत्या आणि तरी दुपारी मिरची मान टाकायची.

कल्पना सुचली ती मागच्या वर्षीच्या नवरात्रात. घट बसवताना परडीत काळी माती घातली, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवला, भोवती गहू पेरले. आई म्हणाली, "वरनं जास्त पाणी घालू नकोस गं, कुजेल. हाताने शिंपड थोडं, बाकीचं घट बघतो की." लहानपणापासून हे ऐकत आलेय, पण त्या नऊ दिवसांत नीट बघितलं. घटाला लागून असलेली माती गडद, ओलसर. परडीच्या कडेची फिकी. आणि घटाच्या अंगचे गहू कडेच्या गव्हापेक्षा बोटभर उंच. मग वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की याला घडा सिंचन किंवा मटका सिंचन म्हणतात. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात मडकं पुरून भोवती चार बिया लावायच्या आणि तोंडावर कौल झाकायचं, असं सांगितलेलं आहे. आपल्याकडे हरियाणात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात यावर प्रयोग झाले. आईला हे वाचून दाखवलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही.

काम कसं चालतं ते थोडक्यात. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती कोरडी असली की ती त्या छिद्रांतून पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढ कमी होते आणि पाझर जवळपास थांबतो. झाड जेवढं पितं साधारण तेवढंच पाणी मडक्यातून जातं. वरची माती कोरडी राहते, त्यामुळे उन्हाने उडून जाणारं पाणी वाचतं.

आता मडक्यांबद्दल. मी तीन प्रकार लावले. कुंभाराकडून आणलेली साधारण ४ लिटरची सहा मडकी. पाच इंची कुंड्या तोंडाला तोंड जोडून घरी केलेल्या पाच जोड्या. आणि संक्रांतीनंतर माळ्यावर पडून होती त्यातली तीन सुगडं.

मडकी घेताना मी टणटणीत वाजणारी बाजूला काढत होते, जशी पाण्याचा माठ घेताना काढतात. कुंभारकाकांनी विचारलं कशाला हवीत. सांगितल्यावर म्हणाले, "मग ही नकोत ताई. जास्त भाजलेलं कमी पाझरतं. त्या कडेची न्या, आव्यात बाहेरच्या बाजूला होती ती. आणि काव लावलेली तर नकोच." काव म्हणजे मडक्याला बाहेरून देतात तो लाल मातीचा हात, आणि आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. त्यांनी मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळलेली असते. लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी छिद्रं राहतात. घरी आणल्यावर प्रत्येक मडकं भरून रात्रभर ओट्यावर ठेवलं. सकाळी बाहेरून हात फिरवला की तळवा सगळीकडे ओला व्हायला हवा. एका मडक्याची एक बाजू कोरडी लागली, ते बदलून आणलं. शोभेसाठी रंगवलेली मडकी या कामाची नाहीत, रंगाने छिद्रं बुजतात.

कुंड्यांच्या जोड्यांवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच केल्या, म्हणून हे जरा सविस्तर. खालच्या कुंडीचं भोक फरशीच्या तुकड्याने आणि पांढऱ्या सिमेंटने बुजवायचं, वरच्या कुंडीचं भोक पाणी भरायला मोकळं ठेवायचं, आणि दोन्ही काठ सिमेंटने जोडायचे. पहिल्या दोन जोड्या मी कोरड्या कुंड्यांवरच केल्या. दुसऱ्या दिवशी उचलल्या तर सांधा पापडासारखा निघून आला. कोरडी भाजलेली माती सिमेंटमधलं पाणी शोषून घेते, मग सिमेंट नीट धरत नाही. पुढच्या वेळी कुंड्या तासभर बादलीत बुडवून ठेवल्या, काठ दगडावर घासून खरखरीत केले, सिमेंट लावून झाल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळून पाच दिवस सावलीत ठेवल्या आणि दिवसातून दोनदा वर पाणी मारलं. हे सांधे पक्के झाले. घाई करायची असेल तर ही जोडी करूच नये, सरळ मडकं आणावं. दर विचाराल तर मला मडकं ६० रुपयांना पडलं, कुंडी २५ ला. म्हणजे जोडीत फारशी बचतही नाही. पण हाताशी जुन्या कुंड्या असतील तर करण्यासारखं आहे.

पुरताना वाफ्याच्या एका अर्ध्या भागात खड्डा मोठा खणून मडक्याभोवती काळी माती, वाळू आणि शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून घातलं. दुसऱ्या अर्ध्या भागात कंटाळा केला आणि नुसती काळी मातीच लोटली. याचा फरक एप्रिलमध्ये दिसला. काळी माती सुकली की आकसते. मडक्याच्या भोवती बोटभर फट पडली, मातीचा स्पर्शच सुटला, मग पाझर जाणार कुठे? मडकं भरलेलं आणि शेजारचं वांगं सुकलेलं, असं दोन ठिकाणी झालं. फटीत वाळू आणि खत ठासून भरल्यावर चार दिवसांत वांगं सावरलं. पुढे पावसाळ्यात तीच माती फुगली आणि तिच्या दाबाने दोन जोड्यांचे सांधे उकलले. फुटलेली दोन म्हणजे हीच. मिश्रणात पुरलेल्यांपैकी एकालाही काही झालं नाही. काळ्या मातीत करणार असाल तर या एका गोष्टीत कसर ठेवू नका.

पाण्याचा हिशोब मी काठीवर खुणा करून ठेवला होता. मोठं मडकं फेब्रुवारीत दिवसाला पाऊण लिटर सोडायचं, मे महिन्यात जवळजवळ दीड. सगळी मिळून मे महिन्यात रोज एक बादली लागली, पूर्वीच्या तीन-चारच्या जागी. वर उसाचं पाचट पसरलं होतं, त्याचाही यात वाटा आहे. ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा झाकण उघडावं लागलं नाही.

मे महिन्यात एका लग्नाला सहा दिवस गावी गेलो. ही खरी परीक्षा. जाताना सगळी काठोकाठ भरली. हिशोबाने मोठी मडकी तिसऱ्या दिवशी रिकामी झाली असणार. परत आलो तेव्हा मोठ्या मडक्यांजवळची वांगी आणि मिरची मरगळली होती, पण जिवंत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहिली. लहान जोड्यांजवळचे टोमॅटो गेले. गच्चीवरच्या पिंपातली सुगडं तर रोज दुपारीच कोरडी पडायची. भर उन्हात त्यांना दिवसातून तीनदा भरण्यापेक्षा झारी बरी, म्हणून ती दोन काढून टाकली. तिसरं सुगड तुळशीपाशी आहे, तिथे मात्र ते पुरेसं होतं.

जे जमलं नाही तेही सांगते. मेथी आणि कोथिंबीर मडक्याच्या भरवशावर उगवत नाही. बी वर असतं आणि वरची माती कोरडी, त्यामुळे पहिले दहा दिवस हाताने शिंपडावंच लागतं. पालक एकदा रुजला की घेतो. रोपंसुद्धा मडक्यापासून वीतभर अंतरातच लावायला हवीत. मी दोन रोपं हातभर लांब लावली होती, त्यांना काहीच पोचलं नाही. आणि जुन्या, मोठ्या कढीपत्त्याला या मडक्याने काही फरक पडला नाही.

डासांकडे फार लक्ष द्यावं लागतं. जूनमध्ये एका मडक्यावरची वेळणी, म्हणजे मातीचं झाकण, साळुंख्यांनी सरकवली. पाणी प्यायलाच आल्या असणार. आठवड्याने बघते तर आत अळ्या वळवळत होत्या. ते पाणी तिथल्या तिथे उपसून तापलेल्या फरशीवर ओतलं. तेव्हापासून प्रत्येक वेळणीखाली जुन्या सुती साडीचा तुकडा बांधते आणि वर दगड ठेवते. पक्ष्यांसाठी शेजारी वेगळं परळ भरून ठेवलंय. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी हे आधी करावं आणि मग मडकी पुरावीत.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. तीन मडकी मी नळाला पाणी नसताना बोअरच्या पाण्याने भरत होते. ऑगस्टपर्यंत त्यांच्या गळ्यावर पांढरा थर जमला आणि पाझर मंदावला होता. लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवलं, सकाळी काथ्याने घासलं, दोनदा धुतलं. पाझर बराचसा परत आला, पूर्ण नाही. आता शक्यतो नळाचं किंवा तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घालते. हे धुतलेलं पाणी मात्र गाळून, नाहीतर तळाला चिकट साका बसतो आणि वास येतो.

ऑक्टोबरमध्ये वांग्याचं जुनं झाड काढताना शेजारचं मडकंही वर घेतलं. मुळांनी त्याला असं वेढलं होतं की माती झटकल्यावर लोकरीची टोपी घातल्यासारखं दिसत होतं. केसाएवढी बारीक, पांढरी मुळं, पोटाच्या भागात दाट आणि गळ्याकडे विरळ. बोटाने थोडी बाजूला केली तर खाली मडक्याचा लाल रंग ओला चमकत होता. मुळं कुठेही आत घुसली नव्हती. आईला हाक मारली. तिने खाली बसून मडक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "धू आणि परत लाव. अजून चांगलंय."

ते तसंच परत लावलं आहे, आता त्याच्याभोवती टोमॅटोची चार रोपं आहेत. तणाचा त्रास या वर्षी जवळपास झालाच नाही, कोरड्या वरच्या मातीत हरळी सोडून फारसं काही उगवलं नाही. हरळी कशालाच ऐकत नाही.

कुंभारकाकांशी परवाच बोलणं झालं. संक्रांतीच्या सुगडांसाठी ते आवा लावतील, तेव्हाच माझी आठ मडकी त्यात घालणार आहेत. या वेळी ५ लिटरची, अरुंद गळ्याची, काव न लावलेली. गळ्याला बाहेरून एक कंगोरा काढून द्या, म्हणजे साडीचा तुकडा दोरीने नीट बांधता येईल, असं मी सांगितलं. त्यांनी चाकावरच्या ओल्या गोळ्यावर अंगठा दाबून विचारलं, "एवढा पुरेल?" मी म्हटलं, अजून थोडा.