बार्बेक्यूचा तळ गंजला, झाकणाने कोठीला धूर दिला: वापरानंतरचा अनुभव

‘खालचं भांडं सुटं मिळत नाही, नवीन युनिट घ्या.’ सर्व्हिसवाल्याचं हे उत्तर ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कोळशाच्या गोल बार्बेक्यूचा फक्त तळ गंजलाय. झाकण, दोन्ही जाळ्या, राखेची थाळी, सगळं ठणठणीत. ते किलोच्या भावाने भंगारात घालायचं? अजिबात नाही.

घरात स्टीलची जुनी धान्याची कोठी पडून होती. तिचं मी थंड धुरावणीचं यंत्र केलं, म्हणजे चीज, मीठ, मिरच्या न शिजवता त्यांना नुसती धुराची चव द्यायची. तिच्या तळाशी राखेची थाळी, वर बोल्टवर टेकवलेल्या दोन जाळ्या आणि तोंडावर बार्बेक्यूचं झाकण. खाली हवेसाठी भोकं पाडली. पुण्याच्या बोहरी आळीतून स्टीलची बारीक जाळी आणली, तिची नागमोडी पन्हळ वाकवली आणि थाळीत ठेवली. पन्हळीत आंब्याचा भुसा भरून एका टोकाला पेटवला की ठिणगी हळूहळू पुढे सरकते. ज्वाळा नाही, उष्णता नावापुरती, धूर मात्र तासन् तास. गॅल्व्हनाइज्ड जाळी घेऊ नका, तापली की तिच्यातलं जस्त नको तिथे जातं. प्लायवूडचा भुसा तर फुकट मिळाला तरी नको, त्यात गोंदाची रसायनं असतात.

आता खरी गोष्ट. झाकणावरची भोकं उघडणारी-मिटणारी ती फिरती चकती! सगळ्या सांगाड्यात तीच सोन्याची. धूर कोंडावा म्हणून चकती मिटली की आत ओल धरते, झाकणाच्या आतून तपकिरी थेंब सुटतात आणि चीज कडू होतं, जिभेला चरचरतं. वरची भोकं सताड उघडी ठेवून हवा खालूनच आवरली की धूर पातळ, निळसर निघतो. बाहेर पडणारा धूर पांढराफट दिसला की मी लगेच खालची भोकं तपासतो. अशी चकती घरी बनवायला गेलो असतो तर महिना गेला असता.

पावसाळ्यात मात्र हे सगळं मोडीत काढायच्या बेतात होतो. भुसा ओल खातो आणि अर्ध्यावर विझतो. मग तो आधी तव्यावर मंद आचेवर कोरडा करायला लागलो आणि मत बदललं. उन्हाळ्यात दुपारी पुण्याचा पारा ३८-४० वर, तेव्हा चीजला पाझर फुटतो. त्या दिवसांत फक्त खडेमीठ आणि सुक्या मिरच्या. त्या मिरच्यांचा ठेचा पिठल्याबरोबर खाऊन बघाच. चीजचा खरा मोसम डिसेंबर-जानेवारीची पहाट. धुरावलेलं चीज लगेच खाऊ नका, गुंडाळून आठवडाभर तरी फ्रिजमध्ये ठेवा, धुराचा तिखटपणा मुरतो.

मटण-मासे मी यात ठेवत नाही. या तापमानाला मांस शिजत नाही, जंतू मात्र वाढतात. त्यासाठी मिठात मुरवण्याचं नीट मोजमाप लागतं. आणि कोठी गच्चीवरच, बंद बाल्कनीत कधीच नाही.

झाकणावरचा तापमापक काढून त्याचं भोक बुजवलं. त्याचे आकडेच ५० अंशांपासून सुरू होतात, इथे ३० च्या आत राहायचं असतं. स्वयंपाकाचा सुईवाला डिजिटल घ्या.